कॅमेऱ्याचा विमा आणि ‘घरात पडला म्हणून सांगा’

परवा २१ डिसेंबरला नगरपरिषदेचा निकाल लागला. कोण आलं, कोण पडलं ते तुम्हाला माहीत आहे. त्यावर मी लिहिलंय आणि त्याबद्दल शिव्याही खाल्ल्यात. आज लिहितोय ते त्या दिवशी आणखी एक जे पडलं त्याबद्दल.

दुपारी चौकात मिरवणूक आली. डॉल्बी, हलगी, जेसीबीच्या बकेटातून गुलाल. पाच फुटांवरचा माणूस दिसत नव्हता. आपल्या गावात यूट्यूब चॅनल चालवणारा एक पोरगा आहे, तेवीस-चोवीस वर्षांचा. बातम्याही करतो, लग्नसराईत लग्नंही करतो. तो गटाराच्या कट्ट्यावर उभा राहून शूट करत होता. नाचणाऱ्यांचा एक लोंढा अंगावर आला, त्याचा तोल गेला, कॅमेरा हातातून सुटला आणि थेट काँक्रीटवर. लेन्स मुळापासून वाकली. उचलेपर्यंत आत गुलाल.

कुणी मुद्दाम केलं नाही. ज्याचा धक्का लागला त्याला कळलंसुद्धा नाही.

कॅमेरा घेऊन तीन महिने झाले होते. आईचे दागिने गहाण ठेवून घेतलेला. रात्री साडेदहाला पोरगं माझ्या घरी आलं, डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी. कॅमेरा टॉवेलात गुंडाळून आणला होता, लहान लेकरू आणावं तसा. म्हणाला, “सर, इन्शुरन्स हाय. पण एजंट म्हणतोय घरात पडला म्हणून सांग. मिरवणुकीत पडला म्हटलं तर देत नाहीत. काय करू?”

मी त्याला आधी पाणी दिलं आणि मग माझी गोष्ट सांगितली. तीच आज इथं लिहितोय, कारण दोन-चार जवळची माणसं सोडली तर ही मी कुणाला सांगितलेली नाही. लाज वाटत होती.

२३ नोव्हेंबर २०२४. विधानसभेचा निकाल. हाच चौक, हाच गुलाल. मी ट्रॉलीच्या कडेला उभा राहून फोटो काढत होतो. ट्रॉली पुढं सरकली, कॅमेऱ्याचा पट्टा तिच्या हुकात अडकला आणि कॅमेरा खाली. ७०-२०० ची लेन्स माउंटपाशी तुटली, बॉडीचा एक कोपरा फुटला. बॉडी आणि दोन लेन्सा मिळून तो संच १ लाख ६८ हजारांचा. २०२१ च्या महापुरात जुना कॅमेरा भिजून गेला, त्यानंतर पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेला.

अनेकांना वाटतं की पत्रकाराला कॅमेरा पेपर देतो. तालुक्याच्या ठिकाणी तसं नसतं. कॅमेरा आपला, गाडी आपली, पेट्रोल आपलं, मोबाईलही आपला. पेपर देतो ते ओळखपत्र आणि जाहिरातीवरचं कमिशन. त्यामुळं कॅमेरा फुटला की बातमीदाराचं हत्यारच जातं आणि कर्जाचा हप्ता मात्र सुरू राहतो.

पण माझ्याकडं विमा होता. दरवर्षी न चुकता भरलेला. म्हणून त्या संध्याकाळी मी निवांत होतो. घरी आल्यावर हिला म्हणालो सुद्धा, “काळजी करू नको, विमा आहे.”

दुसऱ्या दिवशी कंपनीला कळवलं. सर्व्हेअर आले. माणूस सज्जन होता. बिल बघितलं, सीरियल नंबर जुळवला, तुटलेले तुकडे बघितले, कुठं-कसं पडला ते विचारलं. मी सगळं सांगितलं. मग त्यांनी पॉलिसीचा कागद काढून माझ्यासमोर धरला. ‘उपकरणाचा वापर’ या रकान्यात लिहिलं होतं: वैयक्तिक.

फॉर्म एजंटानं भरला होता, सही माझी होती. आठवायला लागलो. त्यानं विचारलं होतं, “सर, वैयक्तिक टाकू का? व्यावसायिकला हप्ता बाराशेनं वाढतोय.” मी चहा पीत होतो. म्हणालो, टाक. चार ओळीसुद्धा वाचल्या नाहीत. दिवसाला दहा शासन निर्णय वाचणारा माणूस मी, स्वतःच्या पॉलिसीचं पान उलटलं नाही.

रात्री एजंटाचा फोन. “सर, अजून रिपोर्ट गेलेला नाही. नवीन जबाब द्या. भाचीच्या बारशात टेबलावरून पडला म्हणा. मी सांभाळतो.”

खोटं कशाला बोलू, तासभर मी विचार केला. दुरुस्तीचा अंदाज ४१ हजारांचा आला होता. ती रक्कम माझ्यासाठी किती मोठी आहे हे इथल्या बातमीदारांना सांगायला नको.

पण एक अडचण होती. त्याच्या आदल्या वर्षी मी पीक विम्यावर लिहीत होतो. १ रुपयात पीक विमा सुरू झाला आणि दुसऱ्याच्या, सरकारी जमिनीवरसुद्धा पीक दाखवून लोकांनी अर्ज भरले. मी त्यावर ओळीनं बातम्या केल्या होत्या. खऱ्या शेतकऱ्याचं नुकसान या खोट्या अर्जांमुळं होतं असं ठासून लिहिलं होतं. पुढं २०२५ च्या खरिपापासून ती १ रुपयाची योजना बंदच झाली. आता तोच मी भाचीच्या बारशाचा खोटा जबाब लिहून देणार?

आणि उगाच साधूपणाचा आव आणत नाही, आणखी एक गोष्ट होती. खोटं पचलंही नसतं. कार्डावरच्या शेवटच्या फोटोत तारीख-वेळ होती, माउंटच्या फटीत गुलाल होता, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात माझ्या नावानं मिरवणुकीचा फोटो छापून आला होता. बारशात कुणी गुलाल उधळतं का?

मी एजंटाला नाही म्हणालो. क्लेम नाकारला गेला. पत्र आलं फेब्रुवारीत. ही एवढंच म्हणाली, “तुमच्या खरेपणाचे ४१ हजार झाले.” मी म्हणालो, खरेपणाचे नाही, आळसाचे झाले. खरेपणा करायचा तो फॉर्म भरताना करायला हवा होता. तेव्हा बाराशे रुपये लागले असते.

हे सगळं त्या पोराला सांगितलं आणि आम्ही रात्री बारा वाजता त्याच्या मोबाईलवर त्याची पॉलिसी उघडली. माझ्या आयुष्यात पॉलिसी पहिल्यापासून शेवटपर्यंत मी तेव्हा दुसऱ्यांदा वाचत होतो. पहिली वाचली होती क्लेम नाकारल्यावर. दोन्ही वाचनांतून जे कळलं ते लिहून ठेवतो. गावात लग्नाचे फोटोग्राफर आहेत, रील बनवणारी पोरं आहेत, ड्रोनवाले आहेत. कुणाच्या तरी कामाला येईल.

पहिली गोष्ट, दुकानदार देतो ती वाढीव वॉरंटी म्हणजे विमा नव्हे. वॉरंटी यंत्रातल्या दोषाची असते. तुमच्या हातून पडला, पाणी गेलं, कुणी धक्का दिला, तर वॉरंटीवाला हात वर करतो. अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. बिलावर ‘प्रोटेक्शन प्लॅन’ असं गोड नाव असलं तरी आत काय आहे ते वाचा.

दुसरी, वापर खरा लिहा. या उपकरणावर तुम्ही एक रुपया जरी कमावत असाल तर तो व्यवसाय आहे. घराच्या विम्यात कॅमेरा धरलाय म्हणून निर्धास्त राहू नका, तिथंही धंद्यातलं सामान साधारणपणे धरत नाहीत. कॅमेरा मित्राला वापरायला दिला किंवा भाड्यानं दिला, तरी बहुतेक ठिकाणी संरक्षण जातं. आपल्याकडं लग्नसराईत लेन्सा एकमेकांकडं फिरतच असतात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

तिसरी, यादी द्या. बॉडी, प्रत्येक लेन्स, फ्लॅश, गिंबल, सगळ्यांचे सीरियल नंबर आणि आजची बाजारातली किंमत. हप्ता वाचवायला किंमत कमी लावली तर काय होतं ते ऐका. सामान १ लाखाचं, विमा ६० हजारांचा, आणि नुकसान झालं ३० हजारांचं. तुम्हाला वाटतं ३० हजार मिळतील, कारण ते ६० च्या आत आहेत. नाही. विमा साठ टक्केच होता, म्हणून भरपाईही साठ टक्के, म्हणजे १८ हजार. त्यातूनही ठरलेली सुरुवातीची रक्कम आपल्या खिशातून जाते. घसारा कापणार की नाही, तेही घेतानाच विचारा.

चौथी, झीज हा अपघात नाही. वर्षानुवर्षं बुरशी धरलेली लेन्स, दमलेलं शटर, हळूहळू आत गेलेली धूळ, याचे पैसे मिळत नाहीत. भंडारा आणि गुलालाचंही तसंच. पट्टणकोडोलीच्या यात्रेत किंवा जेजुरीत भंडाऱ्यानं बटणं जाम झाली म्हणून क्लेम केला तर पदरात काही पडणं अवघड. पडून फुटला आणि त्या फटीतून गुलाल गेला, ही वेगळी गोष्ट. म्हणून जबाबात घटना क्रमानं लिहा. आधी पडला, मग गुलाल गेला.

पाचवी, चोरी. गाडीच्या सीटवर बॅग ठेवून जेवायला गेलात आणि ती गेली, तर बहुतेक पॉलिसी पैसे देत नाहीत. कुलूप किंवा काच फोडल्याची खूण लागते, एफआयआर लागतो. दंगल, बंद, मोर्चा यातलं नुकसान काही पॉलिसींत असतं, काहींत जादा पैसे भरून घ्यावं लागतं, काहींत नसतंच. बातमीदारानं हा प्रश्न आधी विचारावा.

ड्रोनवाल्यांसाठी एक. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार अडीचशे ग्रॅमवरच्या ड्रोनला त्रयस्थ विमा सक्तीचा आहे. पण तो ड्रोन दुसऱ्याच्या डोक्यावर पडला तर त्याच्यासाठी. तुमचा ड्रोन विहिरीत पडला तर त्याचा विमा वेगळा.

आणि नुकसान झाल्यावर? त्याच दिवशी कंपनीला कळवा, मेलवर. जागेचे आणि तुकड्यांचे फोटो काढा. सर्व्हे होईपर्यंत दुरुस्तीला देऊ नका. तुटलेला तुकडा फेकू नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरचा खर्चाचा अंदाज घ्या. क्लेम चुकीच्या कारणानं नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडं जा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल आहेत, पुण्यातही कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही, कंपनीनं नाकारल्यापासून वर्षाच्या आत जायचं. एकट्याच्या नावावर धंदा करणाऱ्याची पॉलिसीही तिथं चालते. मी गेलो नाही, कारण माझ्या बाबतीत कंपनीचं काही चुकलं नव्हतं.

कुणी मुद्दाम कॅमेरा फोडला तर विषय वेगळा. राज्यात पत्रकारांवरच्या हल्ल्याविरोधात २०१७ चा कायदा आहे, त्यात मालमत्तेच्या नुकसानभरपाईची तरतूद आहे. पण गुन्हा दाखल व्हावा लागतो, टिकावा लागतो. गर्दीतला धक्का त्यात बसत नाही. तिथं विमाच.

मी पत्रकारितेची पदविका केली तेव्हा आम्हाला बदनामीचा कायदा शिकवला, मुद्रितशोधन शिकवलं. स्वतःच्या हत्याराची काळजी कशी घ्यायची हे कुणी शिकवलं नाही.

आता त्या पोराचं. त्याच्या पॉलिसीत वापर ‘व्यावसायिक’ निघाला. दुकानातल्या मुलीनं विचारलं आणि यानं खरं सांगितलं होतं, इतकंच. म्हणजे ज्याला खोटं बोलायची गरजच नव्हती त्याला एजंट खोटं शिकवत होता! त्यात घरात पडला असं लिहून दिलं असतं आणि कार्डावर मिरवणूक सापडली असती, तर हातातला खरा क्लेमही गेला असता. रात्री साडेबाराला आम्ही दोघांनी मिळून मेल लिहिला. तारीख, वेळ, चौक, मिरवणूक, गटाराचा कट्टा, सगळं जसं घडलं तसं. सर्व्हेअर येऊन गेलेत. क्लेम अजून मंजूर नाही. मिळतील का, किती मिळतील, आज सांगता येत नाही. तोपर्यंत तो माझा जुना कॅमेरा वापरतोय. माझ्या पॉलिसीत दुसऱ्याला दिलेला कॅमेरा बसत नाही, हे मला माहीत आहे. तरी दिलाय. त्याची जानेवारीत तीन लग्नं ठरलेली आहेत.

शेवटचं, आणि हे आपल्या पुढाऱ्यांसाठी व आमच्या पत्रकार संघासाठी. ६ जानेवारीला दर्पण दिन आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढलं तो दिवस. दरवर्षी आम्हाला हॉलमध्ये बसवून शाल, श्रीफळ आणि डायरी मिळते. माझ्या कपाटात अकरा शाली आहेत. यंदा शाल नको. तालुक्यातल्या बातमीदारांच्या कॅमेऱ्यांची यादी करा, एकत्र पॉलिसी मिळते का ते विचारा, अर्धा हप्ता संघानं भरावा, अर्धा आम्ही भरू. वापराच्या रकान्यात ‘व्यावसायिक’ लिहा. तो फॉर्म मी स्वतः वाचून भरायला बसेन, सगळ्यांचे.

आणि मिरवणूकवाल्यांनो, जिंकलात, आनंद आहे. पण कॅमेरेवाला दिसला तर जरा हात राखून उधळा. तुमचा विजय उद्या लोकांना दिसणार आहे तो त्याच्याच कॅमेऱ्यातून.