उत्तरकथेचा अधिकार

एखाद्या श्रेष्ठ कृतीची उत्तरकथा आली की ती मूळ कृतीच्या तोडीची आहे काय, हा प्रश्न सर्वांआधी विचारला जातो. आम्हां दोघांना तो काहीसा गैरलागू वाटतो. ‘उत्तररामचरित’ वाचताना भवभूतीची उंची वाल्मीकीशी कोणी ताडून पाहत नाही. सीतात्यागाच्या व्यथेचे भवभूती काय करतो, हे आपण पाहतो. विज्ञानपटांच्या बाबतीत मात्र रसिक तराजू घेऊनच चित्रपटगृहात शिरतात. डेनी व्हिलनव्ह यांच्या ‘ब्लेड रनर २०४९’ (२०१७) ह्या चित्रपटाच्या वाट्याला हेच आले.

रिडली स्कॉट यांचा ‘ब्लेड रनर’ १९८२चा. फिलिप के. डिक यांच्या १९६८च्या कादंबरीवर तो आधारलेला होता. अखंड पावसात भिजणाऱ्या, २०१९ सालच्या कल्पित लॉस एंजेलिसमध्ये डेकार्ड हा ‘रेप्लिकंट’ म्हणजे माणसासारखेच घडविलेले जीव हुडकून ठार करीत असतो. शेवटी त्यांचा म्होरक्या रॉय बॅटी डेकार्डला मरणातून वाचवतो आणि आपण काय काय पाहिले ते चार वाक्यांत सांगून प्राण सोडतो. मूळ चित्रपट म्हणून ज्याची आरती ओवाळली जाते त्याचे रूपही एक नाही, हे जाता जाता नोंदवले पाहिजे. १९८२च्या आवृत्तीतील निवेदन आणि सुखान्त १९९२ साली गळले, २००७ साली पुन्हा संस्करण झाले. पाठभेदांत मुरलेल्या मराठीच्या विद्यार्थ्यास ह्यात नवल वाटू नये.

उत्तरकथेचा नायक के हा स्वतः रेप्लिकंट, आणि आपल्याच जातीच्या जीवांना संपवणे हे त्याचे काम. एका रेप्लिकंट स्त्रीने मूल जन्माला घातल्याचा पुरावा त्याच्या हाती लागतो. लहानपणी भट्टीत लपवलेल्या लाकडी घोड्याची एक आठवण त्याच्या मनात असते. ती कृत्रिम आहे असे तो मानत आलेला. घोडा खरोखर त्या जागी सापडतो, आणि ते जन्मलेले मूल आपणच, अशी त्याची खात्री होत जाते. प्रेक्षकांचीही होते, अशा कथांचे नायक ‘निवडलेले’च असतात, ही सवय आपल्याला लागलेली असते. मग त्याला कळते की ते मूल मुलगी होती. आठवण खरी, पण दुसऱ्या कोणाची.

केच्या घरी नाबोकॉव्हची ‘पेल फायर’ (१९६२) ही कादंबरी दिसते. त्याच्या मनाची स्थिरता तपासणाऱ्या चाचणीत त्याला जे शब्द उच्चारावे लागतात तेही तिच्यातील कवितेचेच. त्या कादंबरीत एक दीर्घकविता आहे आणि तिच्यावर किंबोट नावाच्या भाष्यकाराची लांबलचक टीका. कविता आपल्याचविषयी आहे, अशी ह्या टीकाकाराची समजूत! केची गत त्याहून निराळी नाही. दुसऱ्याच्या कथेत तो स्वतःला वाचत राहतो. परंतु किंबोट अखेरपर्यंत हट्ट सोडत नाही. केला तो सोडावा लागतो. आमच्या मते हा चित्रपट सीक्वेल असण्याचे दुःखच विषय म्हणून घेतो. कथा तुझी नव्हे, हे ठाऊक झाल्यावर तू काय करशील, असे तो आपल्या नायकास विचारतो.

आणखी एक प्रसंग. डेकार्डला फोडण्यासाठी उद्योगपती वॉलेस त्याच्यापुढे त्याच्या मृत प्रेयसीची, रेचेलची, हुबेहूब प्रतिकृती उभी करतो. तीच केशरचना, तेच तारुण्य. डेकार्ड तिला क्षणभर पाहतो आणि खऱ्या रेचेलच्या डोळ्यांचा रंग निराळा होता एवढेच म्हणून पाठ फिरवतो. जुन्या चित्रपटाची गोंडस नक्कल मागणाऱ्या चाहत्यांना याहून स्पष्ट उत्तर दिग्दर्शकाने दिले नसते. (पुढच्याच क्षणी त्या बिचारीला गोळी घातली जाते. ह्या चित्रपटात स्त्रिया फार सहज मरतात, हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. वॉलेसची भाषणेही निम्म्याने छाटता आली असती.) रॉजर डीकिन्स यांच्या छायालेखनाला ऑस्कर मिळाले, त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे.

शेवटाविषयी मात्र आम्हां दोघांचे एकमत नाही. डेकार्डला त्याच्या मुलीच्या दारापर्यंत आणून जखमी के बाहेर पायऱ्यांवर आडवा होतो, तेव्हा बॅटीच्या मृत्यूसमयीची व्हँगेलिस यांची स्वरावली वाजते. आमच्यातील एकाला ही उसनवारी वाटते: एवढा वेळ स्वतःच्या पायांवर चाललेल्या चित्रपटाने अखेरीस वडिलांच्या खांद्यावर बसावे! दुसऱ्याचे म्हणणे असे, की तेच सूर ऐकल्यामुळेच फरक कानी येतो. बॅटीला ऐकणारा होता, आणि त्याच्याजवळ सांगण्याजोगे अद्‌भुत होते. केला दोन्ही नाही. आपण तुझे कोण, असे डेकार्ड त्याला आत जाण्यापूर्वी विचारतो. के उत्तर देत नाही. पावसाऐवजी बर्फ पडत असतो, आणि डेकार्ड आत निघून गेलेला असतो.