टूरची बॅग

आमच्या इंदूरच्या घरात 'टूर' हा शब्द अगदी मराठीच होता. बाबा एका औषध कंपनीचे प्रतिनिधी, म्हणजे एमआर. महिन्यातले बारा-चौदा दिवस ते बाहेर असत. एक फेरी देवास-उज्जैन-रतलाम-मंदसौर-नीमच अशी माळव्याची, दुसरी खरगोन-बडवानी-खंडवा-बऱ्हाणपूर अशी निमाडची. भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखांना निळ्या पेनाने गोल केलेले असत. गोलाच्या आदल्या संध्याकाळी आई स्वयंपाक लवकर आटोपायची आणि पलंगाखालून बॅग ओढायची.

आपल्यापैकी बऱ्याच घरांत नोकरीधंद्यासाठी फिरणारं कुणीतरी असेलच, म्हणून हे लिहायला घेतलं. टूरवर गेलेल्या माणसाच्या गमतीजमती घरोघर सांगतात. बॅग भरणाऱ्या माणसाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

बाबांचे डाग दोन. एक चामड्याची बॅग, त्यात औषधांचे नमुने आणि डॉक्टरांना दाखवायची चित्रं. ती ते स्वतःच भरत. दुसरी कपड्यांची सूटकेस, ती आईची. थंडीत तिसरा डाग वाढायचा तो होल्डॉलचा, कारण लॉजच्या रजईवर कुणाचा भरवसा नव्हता.

आईने बॅग भरायचं शास्त्रच बसवलं होतं. जोडे सगळ्यात खाली, जुन्या पिशवीत, आणि मोजे त्या जोड्यांच्या आत. पँट आधी पसरायची, तिच्या मधोमध शर्टांच्या घड्या ठेवायच्या, मग पँटचे पाय वरून दुमडून घ्यायचे. म्हणजे दोन्हींना सुरकुती कमी पडते. टाय गुंडाळून शर्टाच्या कॉलरमध्ये. त्याने कॉलर चेपत नाही आणि टायही शोधावा लागत नाही. शर्ट टेरिलिनचे, कारण रात्री धुऊन पंख्याखाली टाकले की सकाळी वाळलेले. मे महिन्यात खरगोनच्या उन्हात टाय लावून डॉक्टरांकडे जायचं म्हणजे रोज एक शर्ट धुणं आलंच. पँटला इस्त्री लॉजच्या गादीखाली, रात्रभर.

मग बारीकसारीक. काळा आणि पांढरा दोरा ओवलेल्या दोन सुया, चार बटणं, सेफ्टी पिना, ओव्याची पुडी, हिंगाष्टक, स्टीलचा पेला, कपडे वाळत घालायला दोन हात सुतळी. आणि एक पितळी कुलूप. तेव्हाच्या लहान गावांतल्या लॉजमध्ये खोलीला कडी-कोयंडा असायचा, कुलूप आपलं आपण आणायचं. खाण्याचा डबा वेगळा. पहिल्या दिवशी पोळी-भाजी, दुसऱ्या दिवसासाठी दुधात भिजवलेल्या दशम्या आणि कोरडी चटणी. शेव तर इंदूरची असायचीच, ती वाटेत संपायचीसुद्धा.

झाकणाच्या आतल्या खिशात पुठ्ठ्याचा एक तुकडा असे. त्यावर आईच्या बारीक अक्षरात सगळ्या वस्तूंची यादी, आणि वर लिहिलेलं : 'लॉज सोडताना वाचणे.' टॉवेल आणि कंगवा या दोन शब्दांखाली लाल रेघ. वर्षाला किमान दोन टॉवेल माळव्याला अर्पण व्हायचे, ते त्या रेघेनंतर थांबले.

सामान किती न्यायचं, हे मात्र बाबा ठरवत. निमाडला जायचं तर महूवरून छोटी लाइन. पातालपाणी-कालाकुंडचा घाट उतरून ती मीटर गेजची गाडी खंडव्याला पोचवायची. येताना बाबा कालाकुंड स्टेशनवरचा पानात बांधलेला कलाकंद आणत, त्याची आम्ही वाट बघत असू. बऱ्हाणपूरला जायचं तर खंडव्याला मोठ्या लाइनची गाडी पकडायची. हातात दोन डाग, गाडी बदलायची घाई, हमाल मिळेल न मिळेल. त्यावरून बाबांचा नियमच झाला होता : "जी बॅग घेऊन आपल्याला पूल चढता येत नाही, ती बॅग आपली नाही." आईने अजून एक स्वेटर घालायचा म्हटला की हे वाक्य यायचं. आई स्वेटर घालायचीच.

१९९६ साली मला पीथमपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी लागली. मोटारींचे सुटे भाग व्हायचे तिथे. सहा महिन्यांत साहेबांनी सांगितलं, पिंपरीच्या कारखान्यात नमुने घेऊन जायचंय, चार दिवस. घरी सांगितलं तेव्हा आजी एकच शब्द बोलली : "एकटी?" काकूंनी विचारलं, "दुसरं कुणी नाही का तुमच्याकडे पाठवायला?" आई गप्प. तिच्या मनात काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता, कारण ती पोळ्या लाटत होती आणि लाटतच राहिली.

बाबांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "अवंतिकाचं रिझर्वेशन मिळतंय का बघ. मुंबईला उतरून दादरहून पुण्याची गाडी, म्हणजे पूल आहेच. बॅग लहान घे."

बस, एवढंच. घरात तो विषय तिथे संपला. आजीच्या काळजीचं उत्तर त्यांनी वाद घालून दिलं नाही. मुलगी जाणार हे धरून चालले आणि सामानाबद्दल बोलले. आमच्या घरात परवानगी द्यायची ती रीत होती, असं म्हणायला हरकत नाही.

त्या रात्री बाबांनी पलंगावर बॅग उघडली आणि मला म्हणाले, "तू भर. मी नुसता बसतो." तेव्हा आई हात पुसत आली. मशीनजवळ ओढणी चालत नाही, म्हणून तिने दोन साधे कुर्ते काढून त्यांना आतून खिसे शिवले होते. कधी शिवले, कुणाला माहीत! पैसे एका खिशात ठेवायचे नाहीत, दोन ठिकाणी विभागायचे. जुन्या मऊ सुती कापडाच्या घड्या आणि पॅडचं पाकीट तिने काही न बोलता तळाशी सरकवलं. कारखान्याच्या वस्तीत रात्री दुकान कुठे शोधणार? आणि सगळ्यात वर स्वतःची मोरपंखी महेश्वरी ठेवली. "मीटिंगला नेस. एवढीशी घडी होते, वजन नाही, आणि आपल्याकडची आहे." महेश्वर आमच्यापासून दोन-अडीच तासांवर, अहिल्याबाईंचं. ती साडी मी पुढे किती मीटिंगांना नेसले त्याचा हिशेब नाही.

बाबांनी पितळी कुलूप दिलं. "आता हॉटेलांना लॅच असतं, तरी असू दे. खोलीत शिरलीस की आधी आतली कडी बघ, मग दिवा, मग पाणी." पुठ्ठ्यावर आईने माझी वेगळी यादी लिहिली. मथळा तोच.

त्यानंतर पंचवीस वर्षं मी कामासाठी फिरले. रेल्वे गेली, विमानं आली, सामानाचे नियम बदलले. आता देशांतल्या विमानांत साधारण सात किलो हातातल्या बॅगेत आणि पंधरा किलो लगेजमध्ये. पॉवर बँक लगेजमध्ये टाकायची नाही, हातातच ठेवायची. टोकदार व्हर्नियर उलट लगेजमध्ये, नाहीतर सिक्युरिटीवाले काढून ठेवतात. धातूचे नमुने नेताना कंपनीच्या लेटरहेडवर चिठ्ठी असली की प्रश्न कमी. पहिल्या दिवसाचा एक जोड, औषधं आणि मीटिंगची कागदपत्रं कायम आपल्याजवळ, कारण लगेज कधीकधी दुसऱ्याच गावाला जातं. पण जोड्यांत मोजे, सुई-दोरा, दोन ठिकाणी पैसे आणि खोली सोडताना यादी वाचणं हे आईच्याच शास्त्रातलं.

आता खरं सांगायचं ते पुढेच आहे. २००४ साली बाबा रिटायर झालेले होते. माझं पुण्यात आठवडाभराचं काम निघालं आणि मी आईला म्हटलं, चल माझ्यासोबत, मावशीकडे राहा. ती हो म्हणाली. मग कळलं की तिच्याकडे बॅगच नाही. तीस वर्षं तिने बॅग भरली होती, पण स्वतःची अशी एकही नव्हती. लग्नकार्याला जाताना तिच्या दोन साड्या बाबांच्या सूटकेसच्या एका बाजूला, नाहीतर आम्हा मुलांच्या कपड्यांवर. तिचं सामान कायम कुणाच्या तरी सामानातल्या उरलेल्या जागेत गेलेलं.

राजवाड्याजवळच्या दुकानातून आम्ही तिला चाकांची बॅग घेतली. मरून रंग तिनेच निवडला. दुकानदाराने मोठी दाखवली तर म्हणाली, "भिया, पूल चढायचाय." घरी आल्यावर तिने खोलीचं दार लोटून घेतलं आणि वीस मिनिटांत बॅग तयार. मला आत बोलावलं नाही.

इकडे बाबा घरभर फिरत होते. माळवा-निमाडातली सगळी लॉज पाठ असलेला हा माणूस, पण घरातला चहाचा डबा कुठे असतो ते त्याला ठाऊक नव्हतं. निघायच्या दिवशी सकाळी फ्रीजवर पुठ्ठा दिसला. गॅसचं बटण, दुधाची पिशवी, तुळशीला पाणी, रात्रीची गोळी. वर लिहिलं होतं : 'घरी राहताना वाचणे.' आणि 'गॅस' शब्दाखाली लाल रेघ.

बाबांनी तो पुठ्ठा आठवडाभर अक्षरशः पाळला. फोनवर मला म्हणाले, "तुझी आई फार व्यवस्थित लिहिते गं." आईला सांगितलं, तर ती नुसती हसली आणि मावशीला म्हणाली, "आज कळलं वाटतं."

आज दोघंही नाहीत. मरून बॅग माझ्याकडे आहे, चाकं झिजलीत, पण पुलावर उचलता येते. मुलगा बेंगळुरूला नोकरीला आहे, महिन्यातून एकदा दौरा असतोच. त्याला त्याची बॅग त्यानेच भरायला लावते, आणि पलंगाच्या कडेला नुसती बसते.

तुमच्या घरी टूरची बॅग कोण भरायचं? बडोदा, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, जिथे असाल तिथून जरूर लिहा. आणि भरणाऱ्याची स्वतःची बॅग होती का, तेही लिहा.