भेग

सुरुवातीलाच कबूल करतो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठीत माझं जे काही आहे ते घरच्या जेवणाच्या टेबलावरचं आणि नंतर हॉस्टेलच्या मेसमधलं. संपादक मंडळातल्या मित्राने "मराठी विभागाला पानं कमी पडतायत, लिही काहीतरी" म्हणून गळ घातली तेव्हा मी त्याला आमच्या सॉइलच्या मिनी-प्रोजेक्टचा रिपोर्टच देऊ केला. तो चाळून म्हणाला, "हा मेसवाला वडे बांधायलाही घेणार नाही." म्हणून रिपोर्टमध्ये जे नाही ते लिहितोय. शुद्धलेखनाची जबाबदारी त्याची.

माझा रूमी तलासरी तालुक्यातला, वारली. वरच्या मजल्यावर कुणी रात्री कॉट ओढली की तो झोपेतून उठून दारात जाऊन उभा राहतो. फर्स्ट इयरला आम्ही विंगमधले सगळे यावर हसायचो. मग एकदा त्यानेच सांगितलं. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत धक्के सुरू झाले, केंद्र बहुतेक वेळा धुंदलवाडीच्या आसपास. १ फेब्रुवारी २०१९ ला एकाच दिवसात अनेक धक्के बसले, त्यातला मोठा ४.१ चा. हा तेव्हा आठवीत होता. त्यानंतर कित्येक आठवडे घरातली माणसं रात्री अंगणात, तंबूत. थंडीत. हैदराबादच्या एनजीआरआयच्या लोकांनी येऊन यंत्रं बसवली, पण यंत्रं धक्के मोजतात, थांबवत नाहीत. आम्ही हसायचं बंद केलं.

त्यांचं घर सिमेंट-विटांचं. घरकुल योजनेतून २०१७ मध्ये बांधलेलं, रस्त्याला लागून, भातखाचराच्या कडेला. भूकंपाच्या त्या दिवसांत मागच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून जोत्यापर्यंत तिरकी भेग गेली. आता त्याच्या काकांचंही घरकुल मंजूर झालंय आणि जागा ठरली होती ती अगदी शेजारची. रूमी म्हणाला, "आपल्याला प्रोजेक्टला कुठली तरी माती तपासायचीच आहे ना? मग आमचीच तपासू." आमच्या ग्रुपमधल्या बाकीच्या दोघांना कॉलेजच्या ग्राउंडमागची माती पुरेशी वाटत होती, पण गावी जेवण चांगलं मिळेल या आशेवर तेही तयार झाले.

डिसेंबरमध्ये गेलो. विरारहून डहाणू लोकल, पुढे एसटी. घोलवड-डहाणूच्या पट्टीत चिकूच्या वाड्या आहेत, पण आत वळून चढ लागला की चिकू संपतो आणि जमिनीचा रंग बदलतो. मला तोवर माती म्हणजे माती इतकंच माहीत होतं. फार तर "सॉइल". रूमीच्या आजीने पहिल्या अर्ध्या तासात वरकस, मुरमाड, काळी चिकण, खाचरातली, राबाची अशी इतकी नावं घेतली की मी वही काढली. तिची वारली मला अर्धीच कळत होती, रूमी मधेमधे सांगायचा. जमिनीला ती धरतरी म्हणते. आमच्या कोअर कटरकडे बघून तिने काहीतरी विचारलं आणि सगळं घर हसलं. काय विचारलं ते रूमीने मला अजून सांगितलेलं नाही.

तीन खड्डे घेतले. एक वर माळावर, जिथे नागली-वरई होते. दुसरा उतारावर. तिसरा खाली खाचराच्या कडेला, घरापासून दहा पावलांवर. कुदळ, पहार, घमेलं आणि चार इंजिनियर. माळावर वीतभर तांबूस माती आणि लगेच मुरूम, पहार खणकन वाजते. खाली मात्र कमरेइतकं खणलं तरी काळंच. ढेकूळ फोडलं की आत पॉलिश केल्यासारखे चकाकणारे तिरके पृष्ठभाग दिसत होते. पुस्तकात त्यांना स्लिकेनसाइड म्हणतात. माती फुगताना आणि आकसताना स्वतःवरच घासते, त्याची ही खूण. साधारण ११० सेंटिमीटरला काळं संपलं आणि खाली मुरूम लागला.

गंमत अशी की माळ आणि खाचर दोन्हीचा खडक एकच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा बसाल्ट. मग वर तांबडं आणि खाली काळं कसं? इथे पाऊस वर्षाला साधारण दोन हजार मिलिमीटर आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. एवढं पाणी उतारावरून जाताना सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेतं. वर लोखंड उरतं, म्हणून तांबडं. खाली ते धुतलेलं सगळं साचतं, पाणी अडतं आणि त्यातून स्मेक्टाइट जातीची चिकणमाती तयार होते. ती पाणी पिऊन फुगते. उताराबरोबर अशी बदलत जाणारी मातीची साखळी १९३० च्या दशकात पूर्व आफ्रिकेत जी. मिल्न यांनी ओळखली आणि तिला कॅटेना नाव दिलं. आजीची नावं त्याच क्रमाने उतरत होती, हे मला जर्नल लिहिताना लक्षात आलं.

लॅबमध्ये पहिल्याच आठवड्यात फजिती. उतारावरच्या सॅम्पलमध्ये सेंद्रिय पदार्थ भलतेच निघाले. आम्ही खुशीत "अत्यंत सुपीक" असं लिहूनही टाकलं. रूमीने घरी फोन केला तर कळलं की आम्ही खणलं तिथे गेल्या वर्षीचा राब होता. रोपं टाकायच्या आधी त्या तुकड्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात. म्हणजे आम्ही कोळसा तपासला होता! दुसरी चूक माझी एकट्याची. तांबडी माती मी आधी ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवली आणि मग तिची लिमिट काढली. आकडा फारच कमी आला. लॅबच्या मामांनी बघितलं आणि म्हणाले, "भाजलीस ना?" अशा लोखंडी मातीचे बारीक कण तापवले की एकमेकांना चिकटतात, मग ती जाड कणांच्या मातीसारखी वागते. हवेवर वाळवून पुन्हा सगळं केलं.

ज्यांनी हे केलंय त्यांना ती टकटक आठवेल. पितळी वाटीत लगदा, मध्ये खाच, हँडल फिरवत वाटी एक सेंटिमीटरवरून आपटायची. २५ ठोक्यांना खाच मिटली की तेव्हाचं पाण्याचं प्रमाण म्हणजे लिक्विड लिमिट. काळीचं ६३ आलं. आयएस १४९८ प्रमाणे ५० च्या वर म्हणजे जास्त दबणारी चिकणमाती. फ्री स्वेलला दहा-दहा ग्रॅम माती दोन नळ्यांत टाकायची, एकीत डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत रॉकेल, आणि चोवीस तास थांबायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पण रॉकेल आणायचं कुठून? मामांनी कपाटाच्या मागून एक बाटली काढली, तिचं वय आमच्यापेक्षा जास्त असावं. दुसऱ्या दिवशी मुरमाच्या दोन्ही नळ्या जवळपास सारख्या. काळीची माती रॉकेलमध्ये १० मिलीलिटर, पाण्यात १७. सत्तर टक्के फुगवटा. नळीकडे बघत रूमी काहीच बोलला नाही. त्यांच्या घराचा पाया दोन फूट खोल आहे. म्हणजे घर मुरमावर नाही, या नळीतल्या मातीवर उभं आहे.

इथे आमचं भांडण झालं. मी उत्साहात म्हणालो, "म्हणजे भेग भूकंपाची नाहीच. मातीची आहे." तो भडकला. "मग आम्ही काय वेडे होतो तंबूत झोपायला? पंचनाम्यात भूकंपाची भेग लिहिलीय. तू आता नळी दाखवून खोटं ठरवणार?" दोन दिवस रूमवर शांतता. मला वाटत होतं मी सायन्स सांगतोय. त्याला ऐकू येत होतं ते वेगळं.

मिटलं ते होळीला. त्याच्या धाकट्या बहिणीला भेगेत नाणं सरकवायचा छंद आहे. ती म्हणाली, "गणपतीत पाच रुपयाचं जात नाही. आता जातं." आणि तिने घालून दाखवलं. भूकंपाने गेलेली भेग दर उन्हाळ्यात उघडत आणि पावसात मिटत नाही. पण नाणं हेही सांगत नव्हतं की भिंत पहिल्यांदा फाटली ती कशाने. बाबांच्या आठवणीत भेग त्या फेब्रुवारीच्या आधी नव्हती. आकसलेल्या मातीवर ताणून बसलेली भिंत आणि त्यात धक्का, असंही झालं असेल. तिचे वाटे करायची कुठलीही टेस्ट आमच्याकडे नाही. रिपोर्टमध्ये मी तसंच लिहिलं आणि गाईड सरांनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली. वाक्य मी ठेवलं.

वर्गीकरणातही असंच अडलं. काळीला वर्टिसॉल म्हणायचं तर लॅब पुरत नाही, भेगा वर्षात किती दिवस उघड्या असतात ते लागतं. त्यातल्या आपल्याकडच्या कोरड्या-ओल्या हवामानाच्या गटासाठी ९० दिवस किंवा जास्त. आमच्याकडे तीन फेऱ्यांचे फोटो होते फक्त. आजीला विचारलं. ती म्हणाली, संक्रांतीपासून वासरू खाचरात सोडत नाहीत, पाय अडकतो, ते मृग लागेपर्यंत. मी मोजलं, १४० च्या वर. "स्थानिक निरीक्षण" असं लिहून रकाना भरला.

मग मी शहाणपणा केला. जेवताना काकांना म्हटलं, घर वर माळावर बांधा ना, मुरूम उत्तम आहे, अजिबात फुगत नाही. सगळे जेवायचे थांबले. काका शांतपणे म्हणाले, त्यांचं जुनं कुडाचं घर माळावरच होतं. कारवीच्या काठ्या, वर शेणमातीचा लेप, तांबडी माती तिथलीच. मुरूम चांगला हे कुणाला माहीत नाही? पण माळ वनजमिनीत. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा टाकलाय, कागद हातात नाही. घरकुल सातबाऱ्यावर मिळतं आणि सातबारा आहे तो या खाचराचा. शिवाय विटांची गाडी वर चढत नाही. आमच्या फॉर्ममध्ये उतार, निचरा, रंग, रचना, झाडोरा असे रकाने होते. सातबाऱ्याचा नव्हता. मी भाताचा घास घेऊन खाली बघत बसलो.

तेव्हा प्रश्न असा उरला की याच काळ्या मातीत घर कसं उभं करायचं. आयआयटी मुंबईच्या डॉ. आर. के. कट्टींनी यावर आयुष्य घालवलंय. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा जाड थर घातला की खालचा फुगवटा वर पोचत नाही, हे त्यांचं काम. रुरकीच्या सीबीआरआयने तळाशी फुगा असलेले पाइल काढले. दोन्ही छान, पण घरकुलाचं अनुदान मर्यादित. इथे काळी ११० सेंटिमीटरच आहे, तेव्हा सरळ मार्ग एकच, पाया मुरमापर्यंत न्यायचा. जोत्याला आणि लिंटेलला सळ्यांचा पट्टा, तो धक्क्यांसाठी. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत हा भाग झोन तीनमध्ये आहे, पण हे काकांना झोन सांगून पटवायची गरज नव्हती.

पैशांचं गणित मात्र बसेना. दुप्पट खोल पाया म्हणजे दगड, सिमेंट, मजुरी. वहीच्या मागच्या पानावर आम्ही तिघे रात्री अकरापर्यंत आकडे लिहीत होतो. शेवटी काकांनीच तोडगा काढला. पुढची खोली विटांची, खोल पायावर. मागे स्वयंपाकघर कुडाचं. कूड हलला तर हलला, लेप पुन्हा देता येतो, आणि डोक्यात पडला तरी माणूस मरत नाही. हे शेवटचं काका हसत म्हणाले. बाबा हसले नाहीत.

माझ्या जर्नलवर आजवर कुणी सही केली असेल, शेरा मारला असेल. घर कुणी बांधलं नव्हतं. एप्रिलच्या सुरुवातीला काकांनी पाया खणायला घेतला आणि आम्हाला बोलावलं. सबमिशन चालू होतं, तरी गेलो. रात्रभर गाडीत मला एकच विचार, आपला खड्डा दहा पावलांवर होता. दहा पावलांत थर बदलला असेल तर?

चार कोपऱ्यांना चार खड्डे. तिघांत मुरूम कंबरेच्या आसपास लागला होता. चौथ्यात, खाचराच्या बाजूला, छातीएवढं खणून झालं तरी काळं. काका आत उतरलेले, घामाने निथळत. माझ्याकडे बघून म्हणाले, "अजून?" मी आत उतरलो, तळाचं ढेकूळ फोडलं. चकाकत होतं. मी म्हणालो, "अजून." त्यांनी पहार उचलली. आणखी वीतभर गेल्यावर ती खणकन वाजली. काकांनी तळातून मूठभर काढून माझ्या हातावर ठेवलं. तांबूस, खरबरीत. बाटलीतलं पाणी ओतून मी बोटांत चोळलं. चिकटलं नाही.

"हा का?" काकांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो, "हा."