आधी घर, मग इसार

कोथरूडला बंगल्यांच्या मधेमधे पहिल्या तीन-चार मजली सोसायट्या उभ्या राहत होत्या, तेव्हा फ्लॅट बघायला जाताना वडील दोघांना बरोबर घेत. एक ओळखीचा मिस्त्री आणि दुसरा मी, टेपचं टोक धरायला.

मिस्त्रीचं हत्यार म्हणजे खिशातलं रुपयाचं नाणं. फरशीवर, प्लास्टरवर ते ठोकत जायचा. आवाज बदलला की थांबून म्हणायचा, "अण्णा, इथं खाली माल भरला नाही." मोरीत बादलीभर पाणी ओतून उतार बघायचा. केसासारखी चीर दिसली तर प्लास्टरची म्हणून सोडून द्यायचा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली चीर मात्र बाहेर जाऊन दुसऱ्या अंगानंही बघून यायचा. भिंतीतलं कपाट उघडून आत डोकं घालायचा आणि चक्क वास घ्यायचा. चार भिंतींत एकच भिंत ताजी रंगवलेली असली की हसायचा. "हा रंग दसऱ्याचा नाही, गिऱ्हाइकाचा आहे." खाली लोणा लागलेला असणार, हे त्यातच आलं.

तेवढ्यात वडील तळमजल्यावरच्या काकूंकडे प्यायला पाणी मागत. तहान नसायचीच. नळ किती वाजता येतो, उन्हाळ्यात वर चढतो का, शेजार कसा आहे, हे सगळं त्या एका तांब्यात कळायचं. घर शक्यतो आषाढात बघायचं आणि इसार द्यायचा दसऱ्याला. आषाढात गळती लपत नाही आणि शुभकार्यही करत नाहीत, त्यामुळे विचार करायला वेळ आपोआप मिळे.

या तपासणीत खोट नव्हती असं नाही. सळ्यांवर काँक्रीटचं आवरण किती, हे नाण्याला काय कळणार? शिवाय मिस्त्री भिडस्त. बिल्डर ओळखीचा निघाला की जीभ जड व्हायची. टेपनं मोजलेलं क्षेत्रफळ कागदाशी कधी जुळलं नाही. उरलेलं जिन्यात गेलं म्हणायचे आणि आम्ही मान डोलवायचो.

परवा भाचीच्या बाणेरच्या नव्या फ्लॅटची तपासणी बघितली. दोन तरुण पोरं आली. लेझरनं खोल्या मोजल्या, प्रत्येक सॉकेटला टेस्टर लावून अर्थिंग बघितलं. थर्मल कॅमेऱ्यात बाथरूमपलीकडची भिंत एका जागी थंड दिसली. कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, तापमानातला फरक दिसतो. म्हणून मग ओलावा मोजायचं यंत्र टेकवून खात्री केली. फरशी मात्र सळईनं ठोकूनच बघितली! अहवाल सडेतोड, भीड कुणाचीच नाही. मिस्त्रीनं या पोरांना नक्की चहा पाजला असता.

पण हे सगळं चाललं होतं ताब्याच्या दिवशी. बुकिंग सॅम्पल फ्लॅट बघून झालेलं, करार नोंदवलेला, हप्ते सुरू. अशा वेळी अहवाल हातात येतो तो तक्रारींची यादी म्हणून. घर घ्यायचं की नाही, हा प्रश्न कधीच निकालात निघालेला असतो. बँकेचा माणूस बघून गेला होता, हे खरं. तो बँकेच्या पैशांची काळजी करायला येतो, भाचीच्या नव्हे.

नव्या घराला निदान कायद्याचा आधार आहे. २०१७ पासून महारेरा आलं, कार्पेट एरियाची व्याख्या ठरली, आणि ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरनं तो तीस दिवसांत स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो. जुना फ्लॅट मूळ मालकाकडून घेणाऱ्याला ही पाच वर्षं बहुधा उरलेलीच नसतात. यंत्रवाल्या पोरांची खरी गरज तिथे, तीही इसाराआधी. आणि तिथेच लोक वकिलाच्या तीस वर्षांच्या सर्च रिपोर्टवर निर्धास्त होतात. कागद स्वच्छ असला म्हणजे स्लॅब गळत नाही, असं कोणी सांगितलं?

भाचीला विचारलं, "उन्हाळ्यात पाणी महापालिकेचं की टँकरचं?"

"मामा, रिपोर्टमध्ये प्लंबिंगचं पान आहे ना."

पान वाचलं. नळाला दाब उत्तम होता.