औंढ्याच्या लहरी आणि हवेच्या लहरी

शिक्षक मित्रहो, आधी माझी चूक सांगतो. नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, औंढा नागनाथला लायगो होतंय, तिथं आभाळातल्या लहरी मोजणार म्हणे. त्या दिसतात का?" मी नुकतेच रात्रीच्या आकाशातल्या 'ग्रॅव्हिटी वेव्ह'चे फोटो पाहिले होते. म्हणालो, "दिसतात की, मोठ्या कॅमेऱ्यातून." पोरांनी वहीत लिहूनही घेतलं.

साफ चूक. हिंगोली जिल्ह्यातली ही नियोजित वेधशाळा कृष्णविवरांच्या टकरीतून निघणाऱ्या गुरुत्वीय लहरी मोजणार आहे. त्यांचा फोटो निघत नाही. मी पाहिलेल्या लहरी आपल्या हवेतल्या. इंग्रजी नावं जुळी, त्यात मी फसलो. नांदेड-लातूरकडं हा घोळ आता वारंवार होणार, म्हणून लिहितोय.

वादळी ढग किंवा डोंगरावर आदळणारा वारा हवेला वर ढकलतो. वर गेलेली हवा भोवतालच्या हवेपेक्षा जड ठरते, गुरुत्वाकर्षण तिला खाली ओढतं, ती गरजेपेक्षा जास्त खाली जाते, परत उसळते. हे हेलकावे वर चढतात आणि हवा विरळ होत जाते तसे मोठे होतात. साधारण ८७ ते ९७ किलोमीटरवर त्यांना एक अंधुक उजेडाचा थर भेटतो. दिवसा सूर्यप्रकाशानं ऑक्सिजनचे रेणू फुटतात; रात्री रासायनिक क्रियांतून ती साठलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. लहर गेली की हा उजेड कमीजास्त होतो आणि फोटोत पट्टे उमटतात, नांगरलेल्या रानासारखे. दोन पट्ट्यांत कित्येकदा वीस-तीस किलोमीटर अंतर!

भारतीय भूचुंबकत्व संस्थेनं कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारातून हे टिपलंय, अख्खं आकाश घेणाऱ्या कॅमेऱ्यानं. चंद्र नको, ढग नकोत. म्हणजे विजा सर्वांत जास्त कडाडतात त्या दिवसांत कॅमेरा बहुधा बंद. काय करणार!

दुसऱ्या दिवशी मी वर्गात चूक कबूल केली, वह्या दुरुस्त करून घेतल्या. बाटलीत अर्धं रंगीत पाणी, अर्धं गोडंतेल भरून आडवी केली आणि हळूच हलवली. पाणी-तेलाच्या सीमेवर संथ लाट धावली. पालकहो, घरी करून बघा, पण झाकण घट्ट लावा.

त्याच मुलीनं परत विचारलं, "मग लातूरकडं अवकाळी कडाडलं तर कोल्हापूरला पट्टे दिसतील?"

"दिसू शकतात. लहरी वर चढताना आडव्याही सरकतात. फक्त तिथलं आभाळ मोकळं पाहिजे."

या वेळी मी आधी वाचून घेतलं होतं.