दार उघडा, केक घ्या, पैसे ठेवा

रस्त्याच्या कडेला चक्क फ्रिज! मी ब्रेक असा दाबला की मागच्या सीटवर पेंगत असलेली आई दचकून जागी झाली. शेटलंडच्या पश्चिमेकडचं एथ नावाचं गाव. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला मेंढ्या, आणि रस्त्यालगत काचेच्या दाराचा फ्रिज. आत केकच केक! स्पंज केक, चॉकलेटचे चौकोनी तुकडे, लिंबाचा केक. प्रत्येकावर हाताने लिहिलेली किंमत. पैसे टाकायला डबा. विकणारं माणूस मात्र कुठेच नाही.

"हाक कोणाला मारायची?" आईने विचारलं.

कोणालाच नाही! दार उघडायचं, हवा तो केक घ्यायचा, पैसे डब्यात टाकायचे, दार नीट लावून निघायचं. लेकीने तीन वेळा दार उघडलं आणि तीन वेळा लावलं. खरंच उघडतंय ना, याची खात्री करायला. आई डब्याकडे बराच वेळ बघत राहिली. "पाणपोईसारखं आहे रे हे," ती म्हणाली. मग स्वतःच मान हलवली. "पण पाणपोईला पैसे नसतात. हा तर धंदा आहे. धंदा, आणि राखण नाही?"

धंदा, आणि राखण नाही! तेवढ्यात माझ्या डोक्यात आणखी एक वीज चमकली. गावाचं नाव एथ. ज्ञानेश्वरीच्या मराठीत 'एथ' म्हणजे 'इथे'! नॉर्स भाषेत त्याचा अर्थ वेगळा, दोन पाण्यांमधली जमिनीची चिंचोळी पट्टी. पण मला त्या क्षणी वाटलं, ही पाटी माझ्यासाठीच लावली आहे. इथे. इथेच थांब.

आम्ही मूळ हर्णैचे, राहतो लेस्टरला. नऊ वर्षांत लंडन झालं, लेक डिस्ट्रिक्ट झालं, एडिंबरा झालं. २०२२ च्या जूनमध्ये आई भारतातून आली होती. ती म्हणाली, "मला गर्दी नको, समुद्र दाखव." म्हणून आबर्डीनहून रात्रीची बोट धरली. बारा तासांहून जास्त प्रवास. सकाळी साडेसातला लर्विकच्या धक्क्यावर उतरलो. पुढच्या सहा दिवसांत मी इतक्या वेळा "अगं, हे बघ!" म्हटलं असेल की लेक मोजायची थांबली.

पहिल्यांदा वेड लावलं ते पाट्यांनी. गावात शिरताना नावाची पाटी असते, तशी इथेही असते. पण तिच्यावर नावाच्या खाली जुनं नॉर्स नाव आणि त्याचा अर्थ लिहिलेला! लर्विक म्हणजे लेयरविक, चिखलाची खाडी. आमच्या दापोली तालुक्यात चिखलगाव आहे, टिळकांचं मूळ गाव. हजारो मैलांवर त्याचा सख्खा भाऊ भेटला! पुढे टिंगवॉल. त्याचा अर्थ सभेचं मैदान. जुन्या काळी बेटांवरची माणसं न्यायनिवाड्याला तिथल्या तळ्याकाठी जमत. मी प्रत्येक पाटीपाशी गाडी हळू करू लागलो. आपल्याकडे स्टेशनावर नाव तीन भाषांत असतं. पण गावाचं नाव मुळात का पडलं, हे पाटीच सांगते आहे, असं मी कुठे पाहिलं नव्हतं. आपल्या आंजर्ल्याच्या, केळशीच्या, मुरुडच्या पाटीखाली अशी एक ओळ असती तर! एसटीतली मुलं अर्धा इतिहास खिडकीतूनच शिकली असती.

आणि ही बेटं स्कॉटलंडकडे आली कशी, माहीत आहे? हुंड्यात! डेन्मार्क आणि नॉर्वेचा राजा पहिला क्रिस्तियान याने मुलगी मार्गारेट स्कॉटलंडच्या तिसऱ्या जेम्सला दिली. हुंड्याची रोकड हाताशी नव्हती, म्हणून आधी ऑर्कनी आणि मग १४६९ मध्ये शेटलंड गहाण टाकलं. शेटलंडपोटी आठ हजार फ्लोरिन. गहाण कधी सुटलंच नाही. हे वाचताना मी हॉटेलच्या खोलीत उठून उभा राहिलो, कारण मुंबईही १६६१ च्या करारात पोर्तुगीज राजकन्येच्या हुंड्यातच इंग्रजांच्या राजाकडे गेली. आई म्हणाली, "बेटं काय, लेकी काय, विचारतं कोण त्यांना."

येल बेटाच्या वाटेवर लाल कडेची त्रिकोणी पाटी लागली. आत पाणमांजराचं चित्र. पाणमांजरं रस्ता ओलांडतात, गाडी सांभाळून हाका! आमच्या कोकणात पाणमांजराला ऊद म्हणतात. ऊद, संस्कृतातला उद्र, इंग्रजीतला ऑटर, सगळा एकाच मुळातून फुटलेला शब्द, हे मला आधी कळलं असतं तर शाळेत भाषेचा तास मी कधी बुडवला नसता. आईने ऊद लहानपणी खाडीत पाहिलेला. तिने पाटीकडे पाहून हात जोडल्यासारखं केलं. जे जनावर माणसाला सहसा दिसतसुद्धा नाही, त्याच्यासाठी सरकारने खांब रोवून पाटी लावली आहे!

दक्षिणेला संबरा विमानतळापाशी तर रस्ता थेट धावपट्टी ओलांडून जातो. हो, धावपट्टी! लाल दिवे लागतात, फाटक पडतं, तुम्ही गाडीत बसून राहायचं. समोरून विमान सुसाटत जातं आणि मग फाटक वर. कोकण रेल्वेचं फाटक पडलं की आपण इंजीन बंद करून शेंगा सोलायला घेतो, अगदी तसेच लोक बसलेले. पलीकडे दीपगृहाच्या कड्यावर पफिन पक्षी. पण माझी लेक त्या पक्ष्यांपेक्षा फाटकाबद्दलच रात्रभर बोलत होती.

लर्विकच्या मुख्य रस्त्यावरचं पुस्तकाचं दुकान, तिथे एक नकाशा घेतला आणि आणखी एक गोष्ट कळली. वर्षानुवर्षं ब्रिटनच्या नकाशात शेटलंड जागेवर नसायचं. कागद वाचवायला ते उचलून स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ एका चौकटीत बसवायचे. लोक इतके वैतागले की २०१८ च्या स्कॉटलंडच्या बेटविषयक कायद्यात कलमच आलं. सरकारी कार्यालयांच्या नकाशात शेटलंड जिथे आहे तिथेच दाखवायचं, चौकटीत कोंबायचं नाही! मी तो नकाशा उलगडला. स्कॉटलंड, मग निळं, निळं, निळं, आणि कितीतरी वर ही बेटं. रात्रभर बोट का चालली, ते त्या निळ्यात लिहिलं होतं.

तिथल्या बोलीचाही मला लळा लागला. लहान म्हणजे 'पीरी'. बंदराजवळच्या एका दुकानाचं नावच 'पीरी शॉप'. पिटुकलं दुकान! लर्विकच्या मुख्य रस्त्याला गावकरी 'दा स्ट्रीट' म्हणतात. आणि टिंगवॉलजवळच्या बुराडेल टेकडीवर पाच पवनचक्क्या आहेत, त्यांना बायकांची नावं दिली आहेत. त्यातली बेट्सी तर विक्रमवीर! तिने २००५ मध्ये पूर्ण क्षमतेच्या निम्म्याहून जास्त वीज काढली, कारण वारा इथे थांबतच नाही. "गोठ्यातल्या गाईंना ठेवतात तशी नावं ठेवलीत," आई म्हणाली. त्यानंतर टेकडी दिसली की ती "बेट्सी कुठली?" म्हणून विचारायची.

आता त्या दिवसाबद्दल सांगतो, ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं.

१४ जून. वटपौर्णिमा. शेटलंडमध्ये वड कुठून येणार? वाऱ्याने आणि मेंढ्यांनी तिथे झाडच फारसं उरू दिलेलं नाही. माझ्या बायकोने सकाळी कागदावर वड काढला, आईने त्याला दोरा गुंडाळला, आणि आम्ही उत्तरेकडे निघालो. टॉफ्टहून गाडीसकट तरीत चढायचं, वीसेक मिनिटांत येल बेट. आईला बोट, जेटी, फेरी असले शब्द नकोत. तिच्यासाठी ती तरच, दाभोळची तर असते तशी. समोरून गाडी आली की एकेरी रस्त्यावर पांढऱ्या पाटीच्या 'पासिंग प्लेस'मध्ये थांबायचं, आणि जाणारा प्रत्येक माणूस हात वर करतो. प्रत्येक! दुपारपर्यंत आईही मागच्या सीटवरून हात वर करू लागली होती.

येलच्या उत्तरेला कलिव्हो बंदर. मासेमारीच्या होड्या, जाळ्यांचे ढीग, हर्णैच्या बंदरातला तोच ओला खारा वास. आणि तिथे आमच्या भाड्याच्या विजेच्या गाडीसाठी चार्जर. साधा चार्जर नव्हे हो! समोरच्या ब्लूमल सामुद्रधुनीत समुद्राच्या तळाशी टर्बाइनं बसवली आहेत. नोव्हा इनोव्हेशन या कंपनीने पहिलं २०१६ मध्ये बसवलं आणि मग ओळीने पुढची. भरतीओहोटीच्या प्रवाहावर चालणारी अशी टर्बाइनांची रांग जगात सर्वांत आधी वीज देऊ लागली ती इथे! प्रत्येकी १०० किलोवॅट. बेटाच्या एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला उत्तर समुद्र. दोन्हीकडे भरती वेगवेगळ्या वेळी येते, म्हणून मधल्या चिंचोळ्या वाटेने पाणी धावत सुटतं. त्यावर पाती फिरतात, वीज किनाऱ्यावर येते, बॅटऱ्यांत साठते आणि २०२१ पासून या बंदरावर गाडीत भरता येते. तेव्हा शेटलंडला मुख्य भूमीहून वीज येत नव्हती. समुद्राखालची केबल २०२४ मध्ये जोडली गेली. तोपर्यंत बरीचशी वीज तेल आणि वायू जाळूनच काढावी लागे.

मी प्लग लावला. दिवा हिरवा झाला. समुद्रावर काही म्हणजे काहीच दिसत नव्हतं. चक्र नाही, खांब नाही, आवाज नाही. नुसतं वाहणारं पाणी.

मी आईला समजावून सांगायला लागलो, तर तिने मला मधेच थांबवलं. "आज पौर्णिमा ना? मग आज उधाण. पाण्याला जोर असणार." आणि ती बरोबर होती! अष्टमीच्या आसपास भांग, पौर्णिमा-अमावास्येला उधाण. तिथीच्या पाऊणपट केलं की भरतीची वेळ निघते, हे आमच्याकडच्या आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना पाठ. ते पाऊणपटीचं गणित हर्णैचं, तिथे चालेल असं नाही. पण चंद्र तोच ना? ऊन आज पडेल की नाही सांगता येत नाही, वारा सांगता येत नाही, भरती मात्र वर्षानुवर्षं आधी मांडून ठेवता येते. म्हणूनच या विजेवर भरवसा ठेवता येतो, असं तिथले अभियंते म्हणतात आणि आमची आई न शिकता म्हणते. माझ्या आजोबांनी याच हिशोबाने होड्या काढल्या. त्याच हिशोबाने आज माझी गाडी भरत होती, वटपौर्णिमेच्या दिवशी, साठ अंशांच्या वर, उत्तर समुद्राच्या तोंडाशी! मी सरळ रडलो. बायकोने खांद्यावर हात ठेवला. आई पाण्याकडे बघत होती. "हर्णैला लावतील का रे असं?" तिने हळूच विचारलं.

गुचरहून पुन्हा तर, दहा मिनिटांत अन्स्ट. ब्रिटनमधलं सर्वांत उत्तरेचं वस्तीचं बेट. इथे प्रत्येक गोष्ट सर्वांत उत्तरेची! बाल्टासाउंडचं टपाल ऑफिस देशातलं सर्वांत उत्तरेचं. किराणा, पेट्रोल आणि चहा एकाच ठिकाणी देणाऱ्या दुकानाचं नाव 'फायनल चेकआउट', म्हणजे शेवटचा गल्ला. जणू यापुढे पैसे द्यायला दुकानच नाही! आत दूध, खिळे, लोकर आणि गम बूट एकमेकांशेजारी. गावच्या वाण्याचं दुकान जसं असतं, तसं.

आणि मग बसथांबा. बॉबीज बस शेल्टर. १९९६ मध्ये इथली जुनी शेड काढून टाकली होती. शाळेची बस पकडायला येणाऱ्या बॉबी नावाच्या एका लहान मुलाने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, माझी शेड परत द्या. स्थानिक परिषदेने नवी शेड उभारली. मग कोणीतरी आत सोफा आणून ठेवला. कोणीतरी टेबल. पडदे, टीव्ही, पाहुण्यांची वही. आता गावकरी वेळोवेळी एक विषय ठरवून सगळी शेड नव्याने सजवतात. एकदा तर विषय नेल्सन मंडेला होता! दोन-चार उतारूंसाठी, वाऱ्याच्या तोंडावरच्या एका काचेच्या खोक्यात!

आम्ही चौघं आत बसलो. बाहेर वारा दाराला धडका देत होता, आत आईने पिशवीतून एथचा उरलेला केक काढला. लेकीने वहीत देवनागरीत चौघांची नावं लिहिली आणि खाली कागदावरच्या वडाचं छोटं चित्र काढलं. रात्रीचे नऊ वाजले होते आणि ऊन अजून खिडकीत होतं. या उजेडी रात्रींना तिथे 'सिमर डिम' म्हणतात.

तेवढ्यात बस आली. थांबली. ड्रायव्हरने दार उघडून विचारलं, कुठे जायचंय?

मी सांगितलं, कुठेच नाही, नुसते बसलोय. गाडी आहे आमची.

त्याने मान डोलावली, जणू हे कारण त्याला रोज ऐकू येतं. आई उठून दाराशी गेली आणि केकचा एक तुकडा कागदात गुंडाळून तिने त्याच्या हातात दिला. तो घेऊन त्याने हात वर केला. आईनेही केला. बस गेली आणि ती परत येऊन सोफ्यावर माझ्या शेजारी बसली.