एक किल्ला, तीन चुली
गड म्हटला की चढ आलाच, हे सह्याद्रीत हिंडलेल्या पायांना वेगळं सांगावं लागत नाही. एल्ट्सच्या किल्ल्यात मात्र उतरून जावं लागतं. जर्मनीत कोब्लेंत्स आणि ट्रियर या शहरांच्या मधून मोझेल नदी वळणं घेत वाहते. तिच्या उत्तरेच्या पठारावर वीर्शेम नावाचं लहानसं गाव आहे. तिथून निघालेली वाट दाट झाडीत शिरते आणि खाली खाली जात राहते. एका वळणावर झाडी बाजूला होते आणि समोर, जवळजवळ डोळ्यांच्या पातळीला, किल्ल्याची छपरं दिसतात: काळपट पाटीच्या दगडाने शाकारलेली, टोकदार, एकाला एक खेटून उभी. त्या क्षणी मी चालायचंच विसरलो.

मग नजर खाली जाते. 70 मीटर उंचीचा एक लांबट कातळ, त्याला तीन बाजूंनी वळसा घालणारा एल्ट्सबाख ओढा आणि कातळाच्या माथ्यावर जेवढी म्हणून जागा आहे तेवढी सगळी व्यापून बसलेला किल्ला. भिंती कुठे कातळातून निघाल्या आणि कातळ कुठे संपला, ते खालून सांगता येत नाही. मोझेलकडून आयफेलच्या डोंगराकडे जाणारी व्यापाराची जुनी वाट इथून जायची. तिच्यावर नजर ठेवायची म्हणून ही दरीतली जागा निवडली गेली.

किल्ल्याच्या मालकाचं नाव पहिल्यांदा सापडतं ते 1157 मध्ये. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या एका दानपत्रावर रुडॉल्फ फॉन एल्ट्स हा साक्षीदार आहे. आज 850 हून अधिक वर्षं झाली, तीसहून अधिक पिढ्या गेल्या, आणि किल्ला अजून त्याच घराण्याकडे आहे. हे ऐकल्यावर मला पुढची सगळी दालनं पाहताना एकच प्रश्न पडत होता: हे टिकलं कसं? कारण या घरात वाटणी फार लवकर झाली होती. 1268 च्या सुमाराला एलियास, विल्हेल्म आणि थिओडोरिख या तीन भावांनी किल्ला आणि जमीन वाटून घेतली. तिघांच्या ढालींवर तीन वेगळी चिन्हं आली: सोन्याचा सिंह, चांदीचा सिंह आणि रेड्याची शिंगं. वाटणीनंतर घरं फुटतात, हा कुठल्याही मुलखातला अनुभव. इथे चुली वेगळ्या झाल्या, पण वेस एकच राहिली.

त्याचा हिशेब चौकात उभं राहिलं की कळतो. चौक अगदी अरुंद आहे. मान पूर्ण मागे टाकल्याशिवाय आकाश दिसत नाही, आणि चहूकडून घरं वर वर गेलेली आहेत. कातळ रुंद करता येत नव्हता, म्हणून तीन भावांपासून निघालेल्या प्रत्येक शाखेने आपलं घर उंच नेलं. आठ बुरुज, काही 35 मीटरपर्यंत. रूबेनाख शाखेचं घर 1472 मध्ये पुरं झालं. रोडेनडॉर्फ शाखेची घरं 1490 ते 1540 च्या दरम्यान चढली. केंपेनिख शाखेचं बांधकाम सतराव्या शतकात, तीस वर्षांच्या युद्धाच्या धामधुमीतही चालू राहिलं. खाली जुन्या काळची जाड दगडी भिंत, वर लाकडी चौकटीत भरलेल्या हलक्या भिंती, मध्येच बाहेर आलेला सज्जा. पाच शतकांच्या बांधण्या एका नजरेत मावतात आणि तरी एकमेकींशी भांडत नाहीत.

रूबेनाख घरातली निजायची खोली मी बराच वेळ पाहिली. भिंतींवर पंधराव्या शतकातली वेलबुट्टी आहे आणि एका कोपऱ्यात भिंतीबाहेर काढलेला लहानसा देव्हारा, रंगीत काचांच्या खिडक्यांचा. तो बाहेर काढण्यामागे श्रद्धा आहे: वेदीच्या डोक्यावर माणसाचा वावर नको, म्हणून तिच्यावर मजला येऊ दिला नाही. त्याच घरात भिंतीच्या जाडीत शौचकूप आहेत. सबंध किल्ल्यात असे वीसेक आहेत आणि ते पावसाच्या पाण्याने धुतले जात. त्या काळी या दरीत ही सोय विचारपूर्वक केलेली होती.

पण माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं ते रोडेनडॉर्फ घरातल्या सरदारांच्या दालनात. किल्ल्यातलं हे सर्वांत मोठं दालन. तिन्ही शाखांची माणसं सामाईक कामांसाठी इथे बसत. भिंतीवर विदूषकांचे मुखवटे कोरलेले आहेत: इथे प्रत्येकाला विदूषकासारखं मनात येईल ते बोलायची मुभा आहे. आणि बाहेर पडायच्या दारावर कोरलेलं गुलाबाचं फूल: इथे बोललेलं इथेच राहील. शाखांमध्ये लेखी करारही होते; कोणाचा हक्क किती, राहणं कसं, देखभालीचा भार कोणी उचलायचा, सगळं कागदावर. घराण्यातली शंभरेक माणसं शंभराच्या आसपास दालनांत शेजारी शेजारी नांदली ती या मुखवट्यांच्या, गुलाबाच्या आणि कागदाच्या आधाराने. भाऊबंदकीवर इतका साधा आणि इतका शहाणा उपाय मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

बाहेरची संकटं आलीच. ट्रियरचा आर्चबिशप बाल्डुइन याने आसपासच्या स्वतंत्र सरदारांना आपल्या अमलाखाली आणायचं ठरवलं तेव्हा 1331 मध्ये भांडण पेटलं. त्याने समोरच्या उंच टेकाडावर ट्रुट्सएल्ट्स नावाचा दुसरा किल्लाच उभा केला आणि तिथून दगडांचा मारा केला. त्याचे अवशेष आजही झाडीत आहेत. 1336 पर्यंत चाललेल्या या झगड्यात एल्ट्सवाले हरले, मांडलिक झाले, पण घर त्यांच्याकडेच राहिलं. पुढे 1689 च्या सुमाराला फ्रेंच सैन्याने ऱ्हाईन खोऱ्यातले किल्ले एकामागून एक उडवले. त्या सैन्यात घराण्यातलाच हान्स आन्टोन हा मोठ्या हुद्द्यावर होता. पाडायच्या यादीतून एल्ट्सचं नाव त्याने काढून घेतलं.

1786 मध्ये रोडेनडॉर्फ शाखा निर्वंश झाली. 1815 मध्ये केंपेनिख शाखेच्या काउंट ह्यूगो फिलिपने रूबेनाखांचा वाटा विकत घेतला, आणि साडेपाच शतकांनी सगळा किल्ला पुन्हा एका हाती आला. त्यानंतरचा इतिहास डागडुजीचा आहे. काउंट कार्लने 1845 ते 1888 अशी त्रेचाळीस वर्षं जुनं रूप न बदलता दुरुस्ती केली. खर्च आला 1,84,000 मार्क. 1920 मध्ये आग लागून केंपेनिख घरं जळाली, ती पुन्हा उभी करायला दहा वर्षं लागली. 2009 ते 2012 मध्ये भिंती आणि छपरं पुन्हा पक्की केली. जर्मनीच्या 500 मार्कच्या जुन्या नोटेवर या किल्ल्याचं चित्र होतं. तो मान मला अगदी योग्य वाटतो.

जर्मनीला जाणाऱ्यांनी बोटीतून ऱ्हाईनकाठचे पडके किल्ले जरूर पाहावेत. युद्धाने काय होतं ते त्यांतून दिसतं. पण त्याच सहलीतला एक दिवस एल्ट्ससाठी राखून ठेवावा. घर न मोडता वाटणी कशी करायची आणि वाटणी झाल्यावरही छप्पर मिळून कसं शाकारायचं, हे तिथे दगडालाकडात उभं आहे.